पातीचा कांदा



कार्यवाहांनी पत्राने विषय विचारला तेव्हा आम्ही ‘पातीचा कांदा’ असे लिहून कळविले. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला की, अक्षर नीट लागत नाही, विषय पुन्हा कळवावा. आम्ही पुन्हा तेच लिहिले. अक्षर त्यांना पहिल्यांदाही लागले असावे. विषय लागत नव्हता. त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांनी स्वराज्य, समाजसुधारणा, अर्थकारण असे भारी भारी विषय पेलले. कांदा इथवर आलाच असेल, तर तो श्रोत्यांच्या खिशातून. आपल्या वऱ्हाड-नागपुराकडे वैशाखात घराबाहेर पडताना खिशात कांदा ठेवण्याची चाल आहे. त्याने ऊन लागत नाही म्हणतात. आमचे मत विचाराल तर उन्हाला डोक्यावरचे पागोटे आणि पोटातले पाणीच अडविते; खिशातला कांदा फार तर दुपारच्या भाकरीला उपयोगी पडतो.

असो. इंग्रजीत या पातीच्या कांद्याला ‘स्प्रिंग अनियन’, म्हणजे वसंतातला कांदा, म्हणतात. वसंत व्याख्यानमालेला विषय शोभतो असे आम्ही कार्यवाहांना म्हटलेही. पण खरे सांगायचे तर हा शोभा देणारा शब्द आपल्याकडे खोटा ठरतो. विलायतेत शरदात पेरलेला कांदा थंडीत जीव धरून राहतो आणि बर्फ वितळल्यावर वसंतात कोवळा हाती येतो, म्हणून तो तिकडे वसंताचा. आपल्या पुलगावात चैत्र-वैशाखात शेतातला कांदा माना टाकतो, पात वाळते आणि काढणी सुरू होते. आपली पात मार्गशीर्षातली, पौषातली, माघातली. तेव्हा आज सभागृहाबाहेर ऊन पेटलेले असताना आम्ही थंडीतल्या भाजीविषयी बोलत आहो, याची जाणीव आम्हांस आहे. मात्र थंडीत पात खावयाची तर तिची तयारी वैशाखातच करावी लागते. ती कशी, हे पुढे येईल.

पहिला प्रश्न ओळखीचा. पातीचा कांदा ही कांद्याची निराळी जात आहे काय? बाजारात पुष्कळांची तशी समजूत आढळते. बियाण्याच्या दुकानात जाऊन ‘कांद्याचे नको, पातीचे बी द्या’ असे म्हणणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत, आणि ‘हे घ्या’ म्हणून तेच बी दुसऱ्या डब्यातून काढून देणारा दुकानदारही पाहिला आहे. पातीचा कांदा म्हणजे आपला नेहमीचाच कांदा, फक्त लहान वयात उपटलेला. जसा हुरडा ही ज्वारीची जात नव्हे, ज्वारीची एक वेळ आहे, तशीच पात ही कांद्याची एक वेळ आहे. गड्डा भरण्याच्या आधी उपटला की तो पातीचा. पुढे महिना-दीड महिना राहू दिला की तो चाळीतला.

निराळी जातही आहे, नाही असे नाही. चीन-जपानात आणि आपल्या ईशान्येकडच्या राज्यांत एक कांदा लावतात, त्याला गड्डा असा धरतच नाही, जन्मभर पातच. त्याची पात कापून पाहिली तर वाटोळी नळी दिसते. आपल्या कांद्याची पातही पोकळच, पण तिची आतली बाजू थोडी चपटी असते. बुडाजवळ आडवी कापली तर अर्धचंद्रासारखी दिसते. लसणाची पात पोकळ नसते, ती पट्टीसारखी सपाट आणि मध्ये मुडपलेली. एवढ्या तीन खुणा ध्यानात ठेवल्या तर बाजारात फसगत होत नाही. आपल्या गावातल्या मुलांना पात आता चायनीजच्या गाडीवरच भेटते आणि ती चीनची भाजी आहे असे त्यांना वाटते. त्या गाडीवरची पातही आपल्याच कांद्याची.

पण बाजारातल्या फसगतीपेक्षा घरातली फसगत अधिक वाईट, म्हणून इथे थोडे थांबतो. आमच्या अंगणात पातीच्या डब्यांशेजारी पावसाळी लिलीची कुंडी होती. पहिल्या पावसाबरोबर जिला गुलाबी-पांढरी फुले येतात, तीच. एका श्रावणात घरी पाहुणे आले, सूनबाईने नातवाला ‘डब्यातली पात कापून आण’ म्हणून सांगितले आणि त्या चिरंजिवांनी लिलीची पाने कापून आणली. हिरवी, लांब, नाजूक. ताटात ठेवली तर कोणीही पात म्हणावी. चिरताना सूनबाई थांबली. म्हणाली, ‘मामंजी, हिला वासच नाही.’ त्या एका वाक्याने आमच्या घरचे पाहुणे वाचले. लिलीच्या पानात आणि कंदात जे द्रव्य असते त्याने उलट्या होतात. गंमत अशी की आजचे वनस्पतिशास्त्र कांदा आणि ही लिली, दोघांनाही एकाच कुळात घालते. कूळ एक म्हणून गुण एक होत नाहीत, हे आपणांस लग्नकार्यांत ठाऊकच आहे.

याच जातीचे आणखी दोन तोतये. एक रानकांदा, ज्याला कोलकांदाही म्हणतात. माळावर, नदीकाठी त्याचे मोठे कंद सापडतात, फूल आधी आणि पाने मागून येतात. तो औषधात वापरला जात असला तरी त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. भाजीत त्याला जागा नाही. दुसरे गहू-हरभऱ्यातले तण, ज्याला हिंदीत ‘प्याजी’ म्हणतात. त्याची पाने कांद्यासारखीच पोकळ. पण खाली गड्डा नाही, नुसत्या तंतुमुळ्या. आणि तिघांचीही मुख्य खूण एकच : चुरगाळले तरी कांद्याचा वास येत नाही.

वास चुरगाळल्यावरच का यावा? कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात आणि त्याला फोडणारे विकर दुसऱ्या कप्प्यात असते. पान अखंड असेतो दोघांची गाठ पडत नाही. सुरी लागली, दात लागला, चिमूट लागली की कप्पे फुटतात, दोघे भेटतात आणि मग वासही येतो नि डोळ्यांना पाणीही. म्हणून नियम असा : जे पान तुम्ही स्वतः लावलेले नाही ते बोटांत चुरगाळून हुंगल्याशिवाय भाजीत टाकू नये. मात्र हाताला आधीच कांद्याचा वास असेल तर ही परीक्षा खोटी पडते. तेव्हा हात आधी धुवावेत.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय आम्ही हा विषय का घेतला ते कळणार नाही.

आम्ही कपाशीच्या घरचे. आपला हा सगळा मुलूखच कपाशीचा. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत गेली, वर्धा नदीवर पूल झाला, पुलावरून गावाला नाव पडले असे सांगतात. मग गिरणी आली, आणि आर्वीकडचा कापूस मुख्य लोहमार्गाला आणण्यासाठी ती छोटी गाडीही आली. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी आणि त्या छोट्या गाडीतून उतरताना धूर झटकणारी माणसे आजही या सभेत आहेत. कापसाने या गावाला पुष्कळ दिले, ते आम्ही नाकारीत नाही. पण कापसाची एक खोड आहे. त्याचा पैसा वर्षातून एकदा येतो, आणि भाजीचा पैसा रोज जातो.

१९६० नंतरची गोष्ट. आम्ही लहान होतो. घरामागच्या सांदवाडीत, न्हाणीचे पाणी जिथे जाई तिथे, आईचा एक वाफा असे. दहा हात लांब, तीन हात रुंद. त्यात पात, मेथी, सांबार, चार झाडे वांग्याची. आई त्याला ‘माझं वावर’ म्हणे आणि वडील हसत. एका वर्षी कापसाला बरा भाव मिळाला. पुढच्या मृगात वडिलांनी कपाशीची तासे थेट न्हाणीपर्यंत नेली. आईचा वाफा चार तासांत गेला. त्यावरून घरात काही भांडण झाले नाही; त्या काळी अशा गोष्टींवर भांडण होत नसे.

मार्गशीर्ष आला. आमच्या घरी कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला त्याला रोडगा, वांग्याचे भरीत आणि पातीचा कांदा यांचा नैवेद्य. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे आणि कांदा त्या दिवशी सुटतो. कापूस घरात येऊन पडला होता, पण विकला गेला नव्हता. घरात खोलीभर पांढरे सोने आणि पेटीत रोख रक्कम नाही, असा तो आठवडा. आई शेजारी गेली आणि पातीच्या तीन काड्या मागून आणल्या. तिने नैवेद्य दाखविला, वडील पानावर बसले, आणि आई एवढेच म्हणाली, ‘पऱ्हाटीले पात लागन का आता?’ वडील काही बोलले नाहीत. पुढच्या मृगात तासे न्हाणीच्या अलीकडे चार थांबली.

त्या वेळी घरात खावयास नव्हते असे मुळीच नाही. ज्वारी होती, तूर होती. तरीही ती मागून आणलेली तीन काड्यांची पात आमच्या डोळ्यांपुढून जात नाही. आज आपल्या भोवतालच्या खेड्यांत कपाशी आणि सोयाबीन दारापर्यंत आलेले आहे. शेतात राबणारी बाई आठवडी बाजारातून पातीची जुडी विकत नेताना आम्ही पाहतो. कांद्याच्या भावाचे तर काय सांगावे! १९९८ साली कांद्याने राजधानीतले राजकारण हलविले, २०१९ च्या डिसेंबरात कित्येक शहरांत किलोचा भाव शंभर रुपयांच्या वर गेला, आणि मध्येच असाही हंगाम येतो की शेतकरी कांदा रस्त्यावर ओततो. या चढउतारावर आमच्याजवळ उपाय नाही. फक्त एवढे ठाऊक आहे की दहा फुटांच्या वाफ्याला त्याचे काही सोयरसुतक नसते.

चंपाषष्ठीचा विषय निघालाच आहे तर आमचा एक तर्क सांगून ठेवतो. आषाढ शुद्ध नवमीला आपण कांदेनवमी करतो, पोटभर कांदा खातो आणि मग चार-पाच महिने तो सोडतो. आता वैशाखात साठविलेल्या कांद्याचे या काळात काय होते ते पाहा. दमट हवेत त्याला कोंब फुटतात, काही सडतो, काळी बुरशी धरते. नवा कांदा अजून शेतात. आणि नेमका मार्गशीर्षात, नवी कोवळी पात हाताशी आली की, देवाच्या नावाने तो सुटतो. धर्मशास्त्राची कारणे निराळी असतील. पण ज्याने हे पंचांग बसविले त्याचा शेताशी संबंध असावा असे आम्हांस वाटते.

आता लागवडीकडे वळू.

कांद्याचा गड्डा केव्हा भरतो? पुष्कळांना वाटते, खत भरपूर घातले म्हणजे. खत लागतेच, पण गड्ड्याला इशारा देतो तो दिवस. दिवसाच्या लांबीचा वनस्पतीवर काय परिणाम होतो हे गार्नर आणि अॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले, आणि कांदा हे त्याचे ठळक उदाहरण ठरले. ठरावीक तासांपेक्षा दिवस मोठा झाला आणि हवा तापू लागली की कांदा पाने वाढविणे थांबवतो आणि गड्ड्यात साठा करू लागतो. आपल्याकडे सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या पुढे. आपल्या देशी जातींना साधारण अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. थंड देशांतल्या कित्येक जातींना चौदा-सोळा तास लागतात. त्यांचे बी आपण आणून लावले तर ती बिचारी जन्मभर वाट पाहत पातच देत राहतील. म्हणजे पातीवाल्याला त्याचेही वाईट वाटावयाचे कारण नाही! सांगावयाचे तात्पर्य, थंडीतले लहान दिवस आणि दाट लावणी या दोन गोष्टी पातीला अनुकूल आहेत. गड्ड्यासाठी रोप रोपापासून चार बोटे दूर हवे. पातीसाठी दोन-तीन बोटे पुरे. दाटीत गड्डा फुगत नाही, बुंधा लांब, पांढरा आणि कोवळा राहतो.

बी ताजे हवे. कांद्याच्या बियाइतके अल्पायुषी बी भाजीपाल्यात थोडेच. वर्ष उलटले की त्याची उगवण झपाट्याने घटते. आम्ही एकदा एका दुकानातून आणलेली पुडी वाफ्यात पेरली, रोज सकाळी झारी घेऊन उभे राहिलो. पंधरा दिवसांनी वर आला तो फक्त हरळीचा अंकुर. दुकानाचे नाव घेण्यात अर्थ नाही, पुडीवरची तारीख आम्हीच वाचली नव्हती. ताजे बी आठ-दहा दिवसांत उगवते. प्रथम त्याची मान वाकलेली असते, सुईच्या नेढ्यासारखी, मग ती सरळ होते. शंका असेल तर पेरण्यापूर्वी पन्नास बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात आणि दहाव्या दिवशी मोजाव्यात.

एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बिया मावतात. आता हिशेब करू. दहा फूट लांब, चार फूट रुंद असा वाफा घ्या. ओळी चार इंचांवर, ओळीत रोपे तीन इंचांवर. त्यात ४८० रोपे बसतात. वीस रोपांची एक जुडी धरली तर २४ जुड्या. म्हणजे आठवड्याला दोन जुड्या, बारा आठवडे. त्याला बी लागते, मर धरूनही, तीन ग्रॅमच्या आत. मात्र सगळे बी एकदम टाकू नये. भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत पंधरा-पंधरा दिवसांनी चार हप्त्यांत टाकावे. नाही तर एका आठवड्यात घरभर पात होते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बाजार.

आपली जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि कांद्याची मुळे कुजतात. उन्हात ती भेगाळते आणि मुळे तुटतात. कांद्याची मुळे उथळ असतात, वीतभर मातीतच त्याचा संसार. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच, गादीसारखा करावा. तीन वाट्याला एक याप्रमाणे चांगले कुजलेले शेणखत आणि तेवढीच नदीची रेती मिसळावी. ओले शेण घालू नये. त्याने किडे होतात. बी अर्ध्या बोटापेक्षा खोल पुरू नये. रोप सहा-सात आठवड्यांत पेन्सिलीच्या निम्मे जाड झाले की उपटून लावावे, आणि लावल्यापासून पुन्हा सहा-आठ आठवड्यांत पात काढावी. पाणी थंडीत आठवड्याला एक. डब्यात असेल तर एक दिवसाआड. निंदण मात्र चुकवू नये. कांद्याच्या पानाची सावली पडत नाही, त्यामुळे तण त्याला हा हा म्हणता गिळून टाकते.

पातीवर रुपेरी पांढरे चट्टे दिसू लागले तर ते फुलकिड्यांचे काम. पान उलगडून बुडाशी पाहिले की पिवळट सुतासारखे किडे दिसतात. घरच्या वाफ्यात विषारी औषध मारण्याचे कारण नाही. जी पात आपण कच्ची खाणार तिच्यावर तर मुळीच नाही. सकाळी पाण्याचा जोराचा फवारा बुडाशी मारावा, फार झाले तर निंबोळीचा अर्क. जांभळट कडेचे खोलगट डाग पडले तर तो करपा. तशी पाने काढून जाळावी आणि संध्याकाळचे पाणी बंद करावे.

ज्यांना सांदवाडी नाही त्यांनी काय करावे? तेलाचा पंधरा लिटरचा रिकामा डबा आडवा कापावा, बुडाला खिळ्याने भोके पाडावी आणि भरावा. आणि बी पेरण्याचीही ज्यांना सवड नाही, त्यांनी आषाढ-श्रावणात टोपलीत कोंब फुटलेला कांदा फेकू नये. तो निम्मा मातीत, निम्मा वर असा दाबून ठेवावा. एका गड्ड्यात दोन-तीन, कधी चार डोळे असतात. प्रत्येकातून निराळा झुबका निघतो आणि तीन-चार आठवड्यांत पात कापता येते. त्यातून पुन्हा चांगला कांदा मिळेल ही आशा मात्र करू नये. थंडी लागली की तो डेंगळा काढील, म्हणजे मधोमध फुलाचा जाड दांडा. डेंगळा कोवळा असताना खुडून भाजीत घालावा, जून झाला की सोडून द्यावा.

बाजारातून घ्यावयाची झाल्यास जुडी हातात उभी धरावी. शेंडे लोंबले तर ती कालची. मुळ्या पांढऱ्या असाव्यात, बुळबुळीत नसाव्यात. गड्डा सुपारीएवढा असेतो पात कोवळी. लिंबाएवढा झाला की पान चिवट होते. पान मोडल्यावर आतून चिकट लाळ निघते तिला कोणी सडकी समजू नये, ती नैसर्गिक आहे. घरी आणल्यावर मुळ्यांसकट पेल्यात पाणी घालून उभी करावी, पाणी रोज बदलावे. वरची पात कापून घेतली तरी ती दोनतीनदा फुटते. मग दमते, तेव्हा मातीत लावावी.

धुण्याविषयी दोन शब्द अधिक बोलतो. २००३ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका उपाहारगृहात जेवलेल्या पाचशेहून अधिक लोकांना कावीळ झाली आणि त्यांतले तीन दगावले. शोध घेता कारण निघाले पातीचा कांदा, कच्चा, चटणीत घातलेला. तो परदेशातून आला होता, आणि त्यासोबत लागण आली होती. पातीच्या बुंध्यात पापुद्र्यांच्या आत माती आणि पाणी अडकून राहते. वरून पाणी ओतून ती निघत नाही. बुडाची चकती कापून, वरचा पापुद्रा काढून, बुंधा उभा चिरून वाहत्या पाण्याखाली धुवावा. मळ्याला नालीचे पाणी जाते अशी शंका असेल तर ती पात कच्ची खाऊच नये, शिजवावी. घरच्या वाफ्याला न्हाणीचे पाणी देणाऱ्यांनीही हेच पाळावे. आमची आई पाळत नसे, पण म्हणून ते बरोबर होते असे नाही.

खाण्याचे प्रकार आपणांस आमच्यापेक्षा भगिनींनी सांगावेत. तरी भरिताचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेले वांगे, त्यात ठेचलेली मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून चिरलेली कच्ची पात आणि सांबार. सोबत ज्वारीची भाकर. इथे पात शिजवू नये. झुणक्यात मात्र शिजवावी, आणि तिथे बहुतेकांचे चुकते ते मिठात. मीठ आधी घातले की पात पाणी सोडते आणि पिठाचा लगदा होतो. पांढरा भाग आधी फोडणीत परतावा, हिरवा मागून टाकावा, बेसन कोरडेच वरून पेरावे, झाकण ठेवून वाफ आणावी, आणि मीठ बेसनातच मिसळून द्यावे. हिरवा भाग फेकून नुसता पांढरा गड्डा घेणारी घरे आम्ही पाहिली आहेत. गाजरात जे पिवळे द्रव्य असते, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते या हिरव्या पानात असते आणि गड्ड्यात जवळजवळ नसते. क जीवनसत्त्वही पानात अधिक. १९३५ साली गांधीजी वर्ध्याला, मगनवाडीत असताना त्यांनी ‘हरिजन’मध्ये हिरव्या पाल्यावर एक लेख लिहिला होता, मुळा, गाजर, सलगम यांचा आपण टाकून देतो तो पाला कच्चा खाण्याची शिफारस त्यात आहे. ते वर्धे येथून अर्ध्या तासाच्या वाटेवर. नव्वद वर्षांत तो लेख पुलगावच्या उकिरड्यापर्यंत पोचलेला दिसत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. रक्त पातळ करण्याची जुनी गोळी घेणाऱ्यांनी पात एकाएकी फार वाढवू नये. हिरव्या पानातले के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करते. डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. आणि कांद्याचा पाला, सडका कांदा टोपलीभरून गाईपुढे टाकू नये. भाव पडला की हे सर्रास होते. गाईबैलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, लघवी तांबडी होते, जनावर दगावू शकते. कुत्र्याचेही तसेच.

आरंभी म्हटले की पातीची तयारी वैशाखात करावी लागते. कारण कांद्याचे बी तयार होते ते याच दिवसांत. कार्तिकात लावलेल्या गड्ड्यांना माघात गोंडे येतात, मधमाश्या त्यांवर काम करतात आणि चैत्र-वैशाखात गोंडे वाळून काळे बी हाती येते. यंदा आमच्या डब्यांतल्या पांढऱ्या कांद्याला अठरा गोंडे आले. शेजाऱ्यांकडे तांबडा कांदा आहे आणि मधमाशी कुंपण मानीत नाही, तेव्हा या बियांतून पांढरा निघेल की तांबडा याची हमी आम्ही देत नाही. पात दोन्हींची हिरवीच असते. व्यासपीठाखालच्या मेजावर एकेक ग्रॅमच्या पुड्या करून ठेवल्या आहेत. पुडी घरी गेल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत घालून घट्ट बूच लावावे आणि बाटली कपाटात, चुलीपासून लांब ठेवावी. पावसाळ्यातली दमट हवा हिचा मुख्य शत्रू. भाद्रपदात उघडावी. प्रत्येक पुडीवर बी काढल्याची तारीख घातली आहे, आणि या वेळी अक्षर लागेल असे काढले आहे.